लॅपटॉपमध्ये ग्राफिक कार्ड वाढवता येतं का?

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकते: नाही येत. तुमच्याकडे आत्ता जो लॅपटॉप आहे त्यात तर जवळजवळ नक्कीच नाही. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, कारण "नाही" हे उत्तर पूर्ण नाहीये आणि त्यातली गंमत शेपटाकडे आहे.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबचं हार्डवेअर बघते, आणि पहिल्या वर्षाची ॲडमिशन झाली की हा प्रश्न सुरू होतो तो थेट दिवाळीपर्यंत. "मॅडम, याच्यात ग्राफिक कार्ड टाकता येईल का?" पोरांचंही चुकत नाही म्हणा. घरी कोणाच्या तरी डेस्कटॉपमध्ये त्यांनी बघितलेलं असतं, डबा उघडला, जुनं कार्ड काढलं, नवं खटकन बसवलं, झालं. लॅपटॉपमध्ये रॅम बदलते, एसएसडी बदलते, बॅटरी बदलते, मग हेच का नाही, असं वाटणं साहजिक आहे. त्यात दुकानदार बोलतो पण तसंच, "याच्यात चार जीबी ग्राफिक आहे, त्याच्यात सहा जीबी", जणू काही पेनड्राइव्हच विकतोय.

खरी गोष्ट अशी की आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये कार्ड म्हणावं असं काही वेगळं नसतंच. ग्राफिक्सची चिप (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी, म्हणजे जीपीयू) सरळ मदरबोर्डवर चिकटवलेली असते, खाली साबुदाण्यापेक्षाही बारीक असे सोल्डरचे शेकडो गोळे, या जोडणीलाच बीजीए म्हणतात. चिपच्या आजूबाजूला तिची स्वतःची मेमरी, तीही सोल्डर केलेली, आणि तिला करंट पुरवणारं सर्किट तेवढ्याच वॅटसाठी बनवलेलं. वर जे तांब्याचे पाइप आणि पंखा असतो तोही त्या एकाच चिपच्या मापाचा. म्हणजे समजा कोणी हॉट एअर मशीनने एनव्हिडियाची आरटीएक्स ३०५० चिप उपटून तिथे त्यापुढची आरटीएक्स ४०६० लावायची म्हटली तर पायांची मांडणी जुळणार नाही, करंट पुरणार नाही, बायोस (मशिन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा आतला प्रोग्रॅम) ओळखणार नाही, उष्णता बाहेर जाणार नाही. चारातली एकही अडचण अशी नाही की "ओळखीचा कारागीर आहे, करून देईल" म्हणून सुटेल. वेगळी चिप हवी असेल तर अख्खा मदरबोर्डच बदलायचा, आणि त्याची किंमत ऐकली की माणूस आपोआप नवीन लॅपटॉप बघायला लागतो.

आणि ज्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगळी चिपच नाही, नुसतं इंटेलचं किंवा एएमडीचं ग्राफिक्स आहे, त्यांचं तर अजून सरळ, ते प्रोसेसरच्या आतच असतं. नवीन मॅकबुकांचंही तेच, सगळं एका चिपमध्ये.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. हे फार सोपं आहे आणि कोणी करत नाही. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल असतं, एचपीवाले त्याला मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड म्हणतात, लेनोव्होवाले हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल, फुकट पीडीएफ मिळते. त्यात सुट्या पार्टची यादी असते. तिथे ग्राफिक्स कार्डाला स्वतःचा वेगळा पार्ट नंबर असेल तर ते निघतं. आणि "सिस्टिम बोर्ड, प्रोसेसर व ग्राफिक्ससह" असा एकच नंबर असेल तर विषय संपला. पाच मिनिटांचं काम आहे, ते न करता लोक महिनाभर यूट्यूब बघत बसतात.

आता ज्यांचं निघतं त्यांच्याविषयी. एमएक्सएम नावाचा एक प्रकार होता (अजून आहे, पण साध्या लॅपटॉपमधून गेलाच म्हणायचा). एनव्हिडियाने २००४ च्या आसपास आणलेला, लॅपटॉपसाठी छोटं सुटं ग्राफिक कार्ड, एका स्लॉटमध्ये तिरकं घालायचं, दाबायचं, स्क्रू लावायचे. त्याचे दोन आकार प्रचलित, ए म्हणजे ८२ बाय ७० मिलिमीटर आणि बी म्हणजे ८२ बाय १०५. जुने डेल प्रिसिजन, एचपीचे जुने वर्कस्टेशन, एमएसआयचे जाडजूड जीटी मालिकेतले, एलियनवेअरचे एम१७एक्स, एम१८एक्स, क्लेव्होचे ते विटेसारखे गेमिंग लॅपटॉप, यांच्यात ते असायचं. कॉर्पोरेट कंपन्यांनी काढून टाकलेले रिफर्बिश्ड प्रिसिजन आपल्याकडे भरपूर येतात, तेव्हा तुमच्याकडे एम४८०० वगैरे असेल तर तुम्ही नशीबवान, निदान स्लॉट तरी आहे.

आमच्या लॅबला असे काही एम४८०० आले होते तेव्हा मी एकात एनव्हिडियाचं क्वाड्रो के११००एम कार्ड काढून त्याच मालिकेतलं मोठं के२१००एम बसवलं. अगदी निवांत काम, खालचं झाकण निघतं, हीटसिंकचे स्क्रू त्यावर लिहिलेल्या नंबरच्या क्रमाने सोडायचे, जुनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारी) पुसायची, नवी लावायची, बंद करायचं. चालू केलं आणि लगेच ओळखलं, कारण ही दोन्ही कार्डं कंपनी स्वतःच त्या मॉडेलमध्ये देत होती. उत्साही लोक याच्या पुढे जातात, त्याच मशिनमध्ये एम२०००एमसारखं पुढच्या पिढीचं कार्ड घालतात, मग ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) म्हणतो मी हे हार्डवेअर ओळखत नाही, मग ड्रायव्हरमधली कार्डांच्या यादीची आयएनएफ फाइल हाताने बदलायची, विंडोज ड्रायव्हरची सही तपासतं ते बंद करायचं, आणि पुढच्या अपडेटला परत तेच. काही कंपन्यांच्या बायोसमध्ये तर ठरावीक कार्डांचीच यादी असते, यादीबाहेरचं घातलं की मशिन चालूच होत नाही. मला विचाराल तर हा छंद आहे, अपग्रेड नाही. छंद म्हणून झकास आहे.

मग एमएक्सएम गेलं कुठे? लॅपटॉप पातळ झाले. कार्ड, त्याचा स्लॉट, त्याच्यावरचा हीटसिंक यांची जाडी कोणाला नको होती, आणि खरं सांगायचं तर आपणही दुकानात जाऊन आधी लॅपटॉप उचलून वजनच बघतो. डेलने स्वतःच्या प्रिसिजनमध्येसुद्धा ७५३० पासून एमएक्सएम सोडून स्वतःचा वेगळा आकार आणला. तसाच स्वतःचा प्रकार २०१९ च्या डेलच्याच एलियनवेअर एरिया-५१एम मध्ये होता. त्या लॅपटॉपची जाहिरातच अशी की यात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही बदलता येतात, आणि बदलता येत होतं पण फक्त त्याच पिढीतलं, पुढची एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका आली तेव्हा त्या लॅपटॉपसाठी कार्ड आलंच नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात यावरून डेलवर ग्राहकांच्या वतीने दावाही दाखल झाला. म्हणजे स्लॉट असणं वेगळं आणि त्या स्लॉटमध्ये बसणारं कार्ड चार वर्षांनी बाजारात मिळणं वेगळं, हे "अपग्रेडेबल" शब्दावर भाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आत्तापर्यंत शब्द पाळलेला एकच बघितला, फ्रेमवर्क लॅपटॉप १६. त्याच्या मागच्या बाजूला अख्खं ग्राफिक्स मॉड्यूल पंख्यांसकट बाहेर निघतं. २०२४ मध्ये लोकांच्या हाती पडला तेव्हा रेडिऑन आरएक्स ७७००एस होतं, आणि २०२५ मध्ये त्यांनी त्याच लॅपटॉपसाठी आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूल जाहीर केलं, जुन्या मशिनलाही बसणारं. पंखे मॉड्यूलबरोबरच येतात त्यामुळे थंड करायचा प्रश्न तिथेच सुटतो, हुशारी तीच आहे. पण आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "फ्रेमवर्क द्या" म्हणालात तर ते तुम्हाला वर्डप्रेसचा (वेबसाइट बनवायचा) क्लास दाखवतील.

मध्येच एक सावधगिरीची गोष्ट. काही रिपेअरवाले सांगतात "चिप बदलून देतो, रिबॉलिंग करतो, हीट मारून देतो". ही दुरुस्ती आहे, बंद पडलेली चिप चालू करायचा प्रयत्न, त्याने ग्राफिक्स वाढत नाही. आणि दुरुस्तीही नेहमी टिकत नाही. २००८ च्या सुमाराचे लॅपटॉप आठवतात का, स्क्रीनवर रेघा यायच्या आणि मग काळी स्क्रीन? त्या काळातल्या एनव्हिडियाच्या काही मोबाइल चिप गरम-थंड होऊन होऊन निकामी व्हायच्या, कंपनीने जुलै २००८ मध्ये त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. दोष होता चिपच्या आत, सिलिकॉन आणि त्याच्या खालच्या पट्टीच्या मधल्या जोडात, आणि रिबॉलिंगमध्ये बदलतात ते त्याच्याही खालचे गोळे. मग गरम केल्यावर चालू कसा व्हायचा? उष्णतेने आतला जोड तात्पुरता परत लागायचा. काही आठवडे, फार तर काही महिने. तेवढ्यात गॅरंटी संपलेली असायची. आजही कोणी "हीट मारून" हा शब्द उच्चारला की मी बॅग उचलते.

बरं, मग बाहेरून कार्ड जोडायचं का, ईजीपीयू? येतं जोडता. लॅपटॉपला थंडरबोल्ट (टाइप-सीच्याच आकाराचा, पण जास्त वेगाचा) किंवा यूएसबी४ पोर्ट असेल तर एका डब्यात डेस्कटॉपचं कार्ड ठेवून ते बहुतेक वेळा केबलने लावता येतं. फक्त आकडे बघा: थंडरबोल्ट ३ आणि ४ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिट, त्यातला ग्राफिक्ससाठी फार तर ३२, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच हाती लागतो. तेच कार्ड डेस्कटॉपमध्ये १६ लेनवर (लेन म्हणजे डेटा जायची वाट) बसतं, इथे चार लेनवर. त्यामुळे महागडं कार्ड घेऊन उपयोग नाही, मधल्या दर्जाचंच शोभतं, आणि मॉनिटर त्या कार्डालाच लावायचा, लॅपटॉपच्याच स्क्रीनवर बघायचं म्हटलं तर चित्र त्याच अरुंद रस्त्याने परत येतं आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) आणखी कमी होतात. आता थंडरबोल्ट ५ आलंय, ८० गिगाबिटचं, पण ते पोर्ट ज्या लॅपटॉपमध्ये येतं त्यात बहुधा आधीच दणदणीत ग्राफिक्स असतं. मॅकवाल्यांनो, एम१ पासून पुढच्या मॅकसाठी ॲपलने बाहेरच्या कार्डाचा सपोर्ट दिलेलाच नाही, तेव्हा तुम्ही हा परिच्छेद विसरा.

थंडरबोल्ट नसेल तर जुगाड आहे. आतला एम.२ स्लॉट, ज्यात एनव्हीएमई एसएसडी बसते, तोही सहसा पीसीआय एक्सप्रेसच्या (ग्राफिक कार्ड ज्या पद्धतीने जोडतात तीच) चार लेनचाच असतो, त्यात अडॅप्टरची पट्टी घालून केबल बाहेर काढायची आणि कार्ड जोडायचं. एडीटी-लिंकच्या पट्ट्या यासाठी प्रसिद्ध आहेत. गंमत म्हणजे चौथ्या पिढीचा स्लॉट असेल तर हा जुगाड ६४ गिगाबिट देतो, म्हणजे थंडरबोल्ट ४ पेक्षा सरस. पण खालचं झाकण कायम उघडं किंवा कापलेलं, डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय शेजारी, कार्ड टेबलावर उघडंनागडं, चालू असताना केबल काढायची नाही, स्लीपमध्ये टाकायचं नाही, आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर विचारच करू नका. शिवाय दुसरा एम.२ स्लॉट हवा, आणि बऱ्याच लॅपटॉपात तो दुसरा स्लॉट दोन लेनचा नाहीतर नुसता साटाचा (जुन्या पद्धतीच्या एसएसडीपुरता, त्यावर कार्ड चालत नाही) निघतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे पण ते नाव सांगितलं तर टॅक्सीवालाही आपल्याकडे बघत बसेल) हे सामान मागितलं तर सगळे ऑनलाइन मागवा म्हणतात. कार्ड, पॉवर सप्लाय, पट्टी, मॉनिटर एवढं सगळं जमवल्यावर हिशोब केला तर फक्त प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एक डबा एवढंच राहतं अख्खा डेस्कटॉप व्हायला. त्यामुळे जे घरी एकाच जागी बसून वापरणार त्यांना मी सरळ डेस्कटॉपच सांगते, लॅपटॉप कॉलेजला नेण्यापुरता ठेवा.

आता ती शेपटातली गंमत.

इंटेलच्या अकराव्या आणि बाराव्या पिढीचे आय५, आय७ लॅपटॉप आठवा, डब्यावर "आयरिस एक्सई ग्राफिक्स" असं लिहिलेलं. पोरं माझ्याकडे येतात, "मॅडम, फसवलं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएचडी ग्राफिक्स दाखवतंय." फसवलं नाहीये. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते लॅपटॉपचीच रॅम वापरतं, आणि इंटेलने नियमच असा केलाय की रॅम दोन चॅनेलवर चालत असेल तरच ते आयरिस एक्सई म्हणवून घेणार, एकाच चॅनेलवर असेल तर त्याच चिपचं नाव यूएचडी. दुकानातून येताना ८ जीबीची एकच पट्टी असते आणि दुसरा स्लॉट रिकामा. त्यात दुसरी ८ जीबी घाला, चालू करा, नाव बदललेलं दिसतं. आणि नुसतं नाव नाही, मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद झाल्यामुळे गेममध्ये फ्रेम खरोखर वाढतात, डोळ्यांना दिसेल इतक्या. एएमडी रायझनच्या आतल्या ग्राफिक्सलाही हेच लागू, तिथे नाव बदलत नाही एवढंच. आजच्या साध्या लॅपटॉपचं ग्राफिक्स स्क्रूड्रायव्हरने वाढवण्याचा मला माहीत असलेला हा एकमेव प्रकार, आणि विचारणाऱ्या दहा जणांना सांगितलं तर नऊ जणांचा चेहरा पडतो, कारण त्यांना आरटीएक्स ऐकायचं असतं. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव चढले त्यामुळे हा सल्लाही पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही, ते आहेच. आणि घ्यायच्या आधी बघा, काही पातळ लॅपटॉपात रॅमपण सोल्डर असते, दुसरा स्लॉटच नसतो. तिथे मात्र हात जोडायचे.

ज्यांच्याकडे वेगळी चिप आहे त्यांनी आधी ती पूर्ण चालते का ते बघावं. एकाच नावाची चिप कंपन्या वेगवेगळ्या वॅटवर चालवतात, आरटीएक्स ४०६० लॅपटॉप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही असू शकते, दोघांच्या डब्यावर स्टिकर मात्र तोच. आपल्या मशिनचा आकडा एचडब्ल्यूइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये दिसतो, गेम चालू असताना किती वॅट घेतेय आणि किती तापमानाला जाऊन वेग कमी करतेय, सगळं. माझ्याकडे "स्लो झालाय, कार्ड बदलायचंय" म्हणून येणाऱ्या लॅपटॉपांत निम्म्या वेळा पंख्याच्या पात्यांमागे धुळीची अख्खी गादी निघते, आणि एप्रिल-मे मध्ये जळगाव-अकोल्याकडच्या पोरांचे लॅपटॉप तर चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या खोलीत, त्यातही गादीवर ठेवून चालवलेले असतात, हवा घ्यायची जाळी खाली दबलेली. साफ करायचं, थर्मल पेस्ट बदलायची, मागून पुस्तकाने थोडा उचलायचा. चार्जर मूळचाच वापरायचा, कमी वॅटचा डुप्लिकेट चार्जर लावला तर चिप मुकाट्याने वेग कमी करते आणि आपण ग्राफिक कार्डाला शिव्या घालतो. लॅपटॉपात मक्स स्विच (स्क्रीन कुठल्या चिपला जोडायची ते ठरवणारा) असेल तर गेमच्या वेळी थेट मोठ्या चिपवर टाका, नाहीतर चित्र छोट्या ग्राफिक्समधून वळसा घालून स्क्रीनवर येतं.

एकच गोष्ट कशानेही सुटत नाही, ती म्हणजे चिपची स्वतःची मेमरी. ४ जीबीची ३०५० असेल आणि ब्लेंडरचा (थ्रीडी सॉफ्टवेअरचा) सीन किंवा मशीन लर्निंगचं मॉडेल त्यात मावत नसेल तर साफसफाई करून ते मावणार नाही. चीनमध्ये काही कारागीर मेमरीच्या चिप बदलून मोठ्या लावतात, व्हिडिओ बघायला छान वाटतात, स्वतःच्या लॅपटॉपवर नको. एमएलवाल्या पोरांना मी गूगल कोलॅब दाखवते, तिथे फुकटात बऱ्याचदा १६ जीबीची एनव्हिडिया टी४ चिप इंटरनेटवरून वापरायला मिळून जाते, आणि कॅगलवर आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मिळतो. प्रोजेक्टला तेवढं पुरतं. बॅकलॉगलाही पुरतं.

आणि नवीन घेणार असाल तर दुकानात "किती जीबी ग्राफिक" एवढंच विचारून थांबू नका. विचारा किती वॅटची चिप आहे (मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर बघा, २०२१ पासून एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना हे लिहायला सांगितलंय), रॅमचे स्लॉट दोन आहेत का, एम.२ किती आणि किती लेनचे, टाइप-सी पोर्टवर विजेचं चिन्ह किंवा ४० लिहिलंय का. सेल्समनला यातलं बहुतेक माहीत नसतं, त्याचा राग करू नका, मॅन्युअलची पीडीएफ मोबाइलवर उघडून काउंटरवरच वाचा. जरा वेळ लागतो, मागचं गिऱ्हाईक उसासे टाकतं, टाकू द्या.